शाळेचे दार आणि शाळेचे वेळापत्रक

मृग लागतो, रानात पेरणीची घाई सुरू होते, आणि त्याच दिवसांत नागपूरच्या बसस्थानकावर एक देखावा हटकून दिसतो. उमरेड, भिवापूर, काटोल, नरखेड, रामटेक अशा कुठल्या तरी बाजूचा एखादा बाप मुलाला किंवा मुलीला घेऊन उतरतो. काखेत पिशवी, पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका. आताशा अर्ज मोबाइलवरून भरले जातात, पण शाळा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी असे बापाला वाटतेच. ओळखीचा कोणी मास्तर भेटला की तो विचारतो, "गुरुजी, पोराला कोणत्या शाळेत घालू?"

प्रश्न साधा वाटतो. पण श्रोतेहो, नीट पाहिले तर या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. माझ्या पोराला तिथे घेतील का, हा एक. आणि घेतले तर तिथे त्याच्या उपयोगाचे काय शिकवतील, हा दुसरा. पहिला प्रश्न शाळेच्या दाराचा, दुसरा शाळेच्या वेळापत्रकाचा. आपण पहिल्याची जेवढी काळजी करतो तेवढी दुसऱ्याची करत नाही. नागपूर शहरातील हायस्कुलांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मात्र असे सांगतो की, दार उघडणे ही एक लढाई आणि वेळापत्रक उघडणे ही दुसरी. पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही. तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

आधी शहर कसे होते ते ध्यानात घेऊ. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. पुढे भोसल्यांनी येथे राजधानी केली. दरबाराबरोबर मराठी कारकून, शिलेदार, पुराणिक आले. लुगडी विणणारे कोष्टी होते, मुसलमान कारागीर होते, छत्तीसगडाकडून आलेले मजूर होते. १८२१ साली कामठीला इंग्रजांची छावणी पडली. तिच्यातले बरेच शिपाई मद्रासकडचे, म्हणून तेलुगू आणि तमीळ बोलणारी कुटुंबे नागपूरपासून पाच कोसांच्या आत राहू लागली. म्हणजे इंग्रजी शाळा निघण्याच्या आधीच या परिसरात गोंडी, मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, तमीळ इतक्या भाषा नांदत होत्या. पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर मोडी आणि पाढे चालत. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ झाली की मुलगा हिशेबाला लागे. मशिदीजवळच्या मक्तबात फारसी चाले. कोणी कोठे शिकायचे हे जातीने आणि धंद्याने ठरलेले असे. मुली आणि अस्पृश्य गणलेल्या जातींची मुले यांचा तर हिशेबच नव्हता.

अशा शहरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा एक तरुण स्कॉटिश मिशनरी आला. त्याच्या येण्याला कारण झाली ती हिल नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याची देणगी. या भागातील लोकांत, विशेषतः गोंडांत, धर्मप्रचार व्हावा अशी त्या दात्याची इच्छा होती. १८४६ साली हिस्लॉपने नागपुरात इंग्रजी शिकवणारी शाळा काढली. इंग्रजी, मराठी, गणित, भूगोल आणि अर्थातच बायबल असे तिथले विषय. दार सर्वांना उघडे. पण दार उघडे आहे म्हणून सगळे आत आले असे झाले नाही. ज्यांच्या घरी लिहिण्या-वाचण्याची परंपरा होती आणि ज्यांना इंग्रजी अमदानीतल्या नोकरीचा वास आला होता, त्यांची मुले आली. सुरुवातीच्याच वर्षांत धर्मांतराचे एक प्रकरण उपटले तेव्हा घाबरून पालकांनी मुले काढून घेतली. पुढे इंग्रजीच्या ओढीने ती परतली. बापाला बायबल नको होते, इंग्रजी हवी होती. मिशनऱ्याला बायबल शिकवायचे होते, म्हणून तो इंग्रजी देत होता. शाळेचे वेळापत्रक हा असा दोघांमधला सौदा होता.

हिस्लॉपविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा माणूस नुसता शाळेत बसणारा नव्हता. तो खेड्यापाड्यांतून हिंडे, दगड गोळा करी, जीवाश्म शोधी. भूगर्भशास्त्रात त्याचे नाव आजही घेतात. हिंडता हिंडता त्याने गोंडांच्या बोलीचे शब्द टिपून घेतले. परधान हे गोंडांचे गाणारे भाट. त्यांच्या तोंडून त्याने लिंगोची दीर्घ कथा उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मरण पावला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले, म्हणून ते आपल्याला आज मिळतात.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची, पण ती मनाला लागणारी आहे. शहर गोंड राजाने वसवलेले. मिशनची देणगी गोंडांचे नाव घेऊन आलेली. शाळा काढणाऱ्याच्या वहीत गोंडी शब्दांच्या याद्या. आणि शाळेच्या वेळापत्रकात गोंडीला तास नाही! यात हिस्लॉपचा एकट्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. वेळापत्रक शाळेत तयार होत नसते, ते परीक्षेत तयार होते, आणि परीक्षा लवकरच दूर कलकत्त्याला गेली.

१८५७ साली कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी आली. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८३ साली हिस्लॉपच्या नावाचे कॉलेज निघाले, १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. ही कॉलेजे आधी कलकत्ता विद्यापीठाला, नंतर अलाहाबादला जोडलेली होती. त्यामुळे हायस्कुलाचा सगळा रोख एन्ट्रन्स परीक्षेकडे असे, आणि तिची भाषा इंग्रजी.

या काळात वर्गात कोण बसत असेल याची कल्पना करा. महालातल्या भोसलेकालीन कारकुनाचा नातू, रेल्वेतल्या बंगाली बाबूचा मुलगा, मारवाडी पेढीवाल्याचा मुलगा, गिरणीतल्या पारशी अंमलदाराचा मुलगा, जबलपूरकडून आलेल्या हिंदी भाषक मुन्शीचा मुलगा. सगळ्यांना इंग्रजी सारखीच परकी. या दृष्टीने पाहिले तर ती परीक्षा निःपक्षपाती होती. पण ज्याच्या घरी दिव्याखाली कोणी समजावून सांगणारे होते तो तरला. ज्याच्या घरी दिवाच नव्हता तो बुडाला. परकी भाषा सर्वांना सारखी परकी असली तरी सर्वांना सारखी महाग नसते.

म्हणून काय झाले, तर एकेका समाजाने आपापली शाळा काढली. बंगाली मंडळींनी धंतोलीत दीनानाथ हायस्कूल चालवले. दक्षिण भारतीयांच्या संस्थेने सरस्वती विद्यालय उभे केले. अंजुमन हामी-ए-इस्लाम या संस्थेने मुसलमान मुलांच्या शिक्षणाची सोय केली. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांकरता बिशप कॉटन शाळा होतीच. मुलींसाठी रमाबाई तांब्यांनी १९२७ साली सेवासदन सुरू केले, आणि १९३२ साली मुलींच्या उच्च शिक्षणासाठी निघालेल्या कॉलेजाला पुढे लेडी अमृतबाई डागा हे नाव मिळाले. या संस्थांनी फार मोठे काम केले. आपली भाषा, आपले सणवार, आपल्या घरची रीत ठाऊक असलेले मास्तर मुलांना मिळाले. त्याबरोबर थोडे हरवलेही. एका बाकावर बसायची मुले वेगवेगळ्या इमारतींत गेली.

काहींना तर कोणत्याच इमारतीत सुखाने बसता येत नव्हते. त्यांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे हे स्वतः अस्पृश्य समाजातले कार्यकर्ते. त्यांनी १९०७ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. आणि जाईबाई चौधरी! त्यांचा जन्म १८९२ साली उमरेडला झाला. दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. ही मुलगी कामठी आणि नागपूर यांच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून पोट भरी. तिला वाचता येते हे एका मिशनरी बाईच्या ध्यानात आले आणि तिने जाईबाईंना शाळेत शिक्षिका म्हणून ठेवले. पगार महिना चार रुपये. पण महाराची बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच वरच्या जातीच्या पालकांनी गिल्ला केला, आणि ती नोकरी सुटली. जाईबाई खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी आपल्या वस्तीत स्वतः मुलींची शाळा सुरू केली आणि तिलाही संत चोखामेळ्याचेच नाव दिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातली एक बारीक गोष्ट पाहा. दार म्हणजे फक्त मुलांना आत घेण्याचे दार नव्हे. फळ्यापुढे कोण उभे राहू शकते, पाण्याच्या माठाला कोण हात लावू शकते, हेही दारच. पटावर नाव चढले म्हणजे मूल आत आले असे समजण्याची घाई आपण करतो.

आता वेळापत्रकाकडे येऊ. पहिला मोठा बदल झाला तो भाषेत. १९२२ साली मध्यप्रांतात हायस्कूल शिक्षणाचा कायदा झाला, परीक्षेसाठी प्रांताचे स्वतःचे मंडळ आले, आणि त्याच सुमारास हायस्कुलात देशी भाषांच्या माध्यमाला वाट मिळाली. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू बिपिन कृष्ण बोस, म्हणजे येथे येऊन स्थायिक झालेले एक बंगाली वकील, ही गोष्टही या शहराचे रूप सांगणारी आहे. पुढे १९४० च्या दशकात या विद्यापीठानेही मराठी आणि हिंदी माध्यमाकडे पाऊल टाकले. परिभाषेचे शब्द घडवण्याचा मोठा खटाटोप डॉ. रघुवीर यांनी येथेच केला. त्यातले कित्येक शब्द जड होते, लोकांनी त्यांची थट्टाही केली. पण खेड्यातून आलेल्या मुलाला भूमिती आपल्या भाषेत समजते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते शिक्षकांना ठाऊक आहे. लसावि आणि मसावि हे शब्द आज इतके घरचे झाले आहेत की ते कोणी कधी तरी बसून घडवले होते हे आपण विसरूनच गेलो.

दुसरा प्रयत्न होता तो विषय बदलण्याचा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे नयी तालीम, ही कल्पना पुढे आली. त्याच सुमारास प्रांताचे मंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही तिथे कोणी जमीन दान द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती योजना. विचार चांगला होता. पण 'मंदिर' या शब्दावर मुसलमान समाजाने हरकत घेतली. वाद वाढला, आणि त्यांच्याकडून 'मदीनतुल इल्म' अशा नावाच्या शाळांची मागणी पुढे आली. शाळेच्या पाटीवरचा एक शब्द कुणाला जवळचा वाटतो नि कुणाला परका, हे योजना करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

हस्तोद्योगाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या हाताचेच काम केले, त्यांना आपल्या मुलाने शाळेत जाऊन पुन्हा टकळी धरावी याचे कौतुक कसे वाटावे? त्यांना इतरांच्या मुलांना मिळते तेच गणित, तेच इंग्रजी, तीच परीक्षा हवी होती. आणि ते रास्तच होते. "तुमच्या मुलांच्या सोयीचे शिक्षण" या गोड शब्दांखाली कमी प्रतीचे शिक्षण गळ्यात पडू शकते. म्हणून वेळापत्रक उघडायचे म्हणजे वाटा वाढवायच्या, आणि त्यातली कोणतीही वाट कोणत्याही मुलाला बंद असता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न मुदलियार आयोगापुढे आला. १९५२-५३ सालच्या या आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. सगळ्या मुलांना एकाच साच्यात घालू नका, असे त्याचे म्हणणे. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान अशा सात शाखा त्याने सुचवल्या. एकाच मोठ्या शाळेत एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला रंधा नि कानस चालणारे वर्कशॉप, मागे शेतीचा तुकडा, असे ते चित्र होते. कागदावर याहून सुंदर शाळा नाही. पण प्रत्यक्षात देशभर काय झाले? पैसा अपुरा, शिकवणारे अपुरे. आणि हळूहळू शाखांनाच जातीसारखी उतरंड लागली. हुशार तो विज्ञानाला, उरला तो इतर शाखांना, आणि सर्वांत उरलेला तो वर्कशॉपला, असे लोक उघड बोलू लागले. शेती हा विषय शेतकऱ्याच्याच मुलाला कमीपणाचा वाटू लागला. वेळापत्रकात सात दारे केली, पण त्या दारांवर मनातल्या पाट्या जुन्याच राहिल्या.

याच वर्षांत शहराचे राजकीय जीवन पालटले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचे राजधानीपण गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ जानेवारी १९६६ पासून राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ सुरू झाले, त्याचे एक विभागीय मंडळ नागपूरला राहिले. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावीची जुनी मॅट्रिक इतिहासजमा झाली.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याचा शाळांवर झालेला परिणाम हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. शिकणे हेच ज्यांचे व्रत झाले अशा घरांतून मुलामुलींची रांग हायस्कुलाकडे लागली. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून होती. परंतु धर्म बदलल्यावर बौद्ध मुलाच्या दाखल्यावरचा शब्दही बदलला, आणि केंद्राच्या सवलतींचे दार बंद झाले. महाराष्ट्राने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र त्या १९९० साली दिल्या. मधली तीस वर्षे दाखल्यावरच्या एका शब्दासाठी किती बापांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले असतील! शिक्षकांनी वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन मुद्दाम वाचावे. नागपूरच्या एका वस्तीतल्या मुलाला शाळा कशी दिसली हे त्यात आहे.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेचे दार कोणी बंद करू शकत नाही. नागपूरच्या एखाद्या मोठ्या शाळेच्या हजेरीपटावर नजर टाका. शेतकऱ्याचा मुलगा, कोष्ट्याची मुलगी, छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुराचे पोर, मोमिनपुऱ्यातली उर्दू बोलणारी मुलगी, रामटेकच्या पलीकडून आलेला गोंड मुलगा. बाक एक, फळा एक. आपल्या आधीच्या चार पिढ्यांनी हे होईल असे म्हटले असते तर लोक हसले असते.

म्हणून दाराची लढाई बरीच जिंकली हे मान्य करू आणि वेळापत्रकाकडे वळू. तो गोंड मुलगा पहिल्या दिवशी वर्गात गप्प बसतो. मास्तरांना वाटते, मंद आहे. तो मंद नसतो. तो मनातल्या मनात एका भाषेतून दुसरीत ये-जा करत असतो, आणि त्याला वेळ लागतो. ज्या राजाने हे शहर वसवले त्याच्या लोकांची भाषा आजवर येथल्या हायस्कुलाचे माध्यम झाली नाही. ती उद्याच होईल असेही मी म्हणत नाही. पण मास्तरांनी त्याला विचारावे, "पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात रे? आणि पावसाला?" त्याने सांगितलेला शब्द फळ्यावर लिहावा. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, तास लागत नाही, पैसाही लागत नाही. हिस्लॉपने वहीत टिपलेले शब्द पावणेदोनशे वर्षांनी फळ्यावर येतील, एवढेच.

आणि बसस्थानकावर भेटलेल्या त्या बापाला मी काय सांगतो? मी सांगतो, दादा, शाळेची इमारत पाहा, निकालही पाहा. पण मग हेडमास्तरांना दोन गोष्टी विचारा. माझ्या गावाकडून, माझ्यासारख्या घरातून आलेली आणखी किती मुले येथे शिकतात, आणि ती दहावीपर्यंत टिकतात का? आणि माझ्या पोराला गणित जमले नाही, पण हाताला कसब आहे, किंवा हाताला कसब नाही पण गाता येते, तर आठवड्यात त्याच्यासाठी किती तास आहेत? हेडमास्तर लगेच उत्तर देतील असे नाही. काही जण रागावतीलही. पण वर्षानुवर्षे शंभर बापांनी हेच विचारले, तर कधी तरी एखाद्या शाळेत वेळापत्रकाचा कागद पुन्हा काढून त्यावर कोणी तरी पेन्सिल फिरवील. जाईबाईंनी तर कागदही हाती नसताना सुरुवात केली होती.